प्रश्न तुमचे, उत्तरे जाणकारांची : लष्करी सरावातली कोरियन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजकडून परदेशी भाषांबद्दल जी पत्रे येतात, त्यांत हल्ली कोरियनचा भरणा मोठा आहे. मालिका बघून भाषेची गोडी लागलेली मुलं-मुली आता कामाचं विचारू लागली आहेत. छावणीच्या गावात राहणाऱ्यांना लष्कराशी जोडलेलं काम जवळचं वाटणं साहजिकच आहे. म्हणून या वेळी लष्करी सरावात कोरियन बोलणारं पात्र वठवणं आणि दुभाष्याचं काम करणं, एवढ्या एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत. उत्तरं देणाऱ्यांत दुभाष्यांना शिकवणारे आहेत आणि सरावांचं नियोजन जवळून माहीत असलेलेही.

प्रश्न : इंटरनेटवर ‘कोरियन बोलणारे रोल प्लेअर पाहिजेत’ अशी जाहिरात वारंवार दिसते. हे काम सैनिकाचं की नटाचं? बेळगावातून अर्ज करता येतो का?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर : खरं तर दोन्हीही नाही. अमेरिकी लष्कर आपल्या तुकड्यांना परदेशी पाठवण्याआधी मोठ्या सराव-क्षेत्रात उतरवतं. लुइझियानातलं फोर्ट पोल्क, कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातलं फोर्ट अर्विन आणि जर्मनीतलं होहेनफेल्स ही त्यातली प्रमुख ठिकाणं. तिथे खोटी गावं बांधलेली आहेत. फोर्ट अर्विनमधलं राझिश हे त्यातलं एक. गाव म्हटलं की माणसं हवीत : गावचा प्रमुख, दुकानदार, डॉक्टर, पोलीस, पत्रकार, घर सोडून निघालेलं कुटुंब. ही माणसं त्या-त्या भाषेतच बोलतात आणि सैनिकाला दुभाष्यामार्फत त्यांच्याशी वागावं लागतं. इराक-अफगाणिस्तानच्या काळात अरबी आणि पश्तो बोलणाऱ्यांना मागणी होती. कोरियन द्वीपकल्प समोर ठेवून सराव असला की कोरियन बोलणारे लागतात.

भरती ठेकेदार कंपन्या करतात, तीही एकेका सरावापुरती. दोन-तीन आठवडे जागेवरच राहायचं, मोबाइल जमा करायचा, रात्री-अपरात्री उठवलं तर उठायचं. थंडी, ऊन, चिखल सगळं सोसायचं. अट मात्र ठरलेली असते : अमेरिकेचं नागरिकत्व किंवा तिथे काम करण्याचा कायदेशीर परवाना, पार्श्वभूमीची तपासणी आणि मातृभाषेच्या तोडीची कोरियन. दुभाष्यांचे तीन स्तर आहेत. वरच्या दोन स्तरांवर गोपनीय कागद हाताळावे लागतात, म्हणून तिथे फक्त सुरक्षा-मंजुरी मिळालेले अमेरिकी नागरिक घेतात. दक्षिण कोरियात तर अमेरिकी फौजेला वेगळी सोयच आहे. ‘काटुसा’ नावाच्या व्यवस्थेत १९५० पासून कोरियन जवान त्यांच्या बरोबरीने नेमले जातात.

थोडक्यात, भारतीय पासपोर्टवर बेळगावात बसून हे काम मिळत नाही. पण त्यातलं कसब इथेही लागतं. हजिऱ्याला कोरियन तंत्रज्ञानावर के-९ वज्र तोफा बनतात. पहिल्या शंभर तोफांचा करार २०१७ चा, आणखी शंभरांचा डिसेंबर २०२४ चा. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, माणगावजवळ पोस्कोचा पोलाद कारखाना. कोरियन तंत्रज्ञ आणि आपले लोक एकाच यंत्राभोवती उभे राहिले की मधे दुभाषी लागतोच. बेळगावच्या मुलांना खरी नोकरी मिळण्याची शक्यता या पट्ट्यात आहे, आणि लष्करी सरावातल्या दुभाष्याची शिस्त तिथे जशीच्या तशी कामाला येते.

प्रश्न : एका एजंटने मुलीला ‘कोरियात आर्मी ट्रेनिंगमध्ये भाषेचं काम’ देतो म्हणून अडीच लाख मागितले आहेत. निम्मे आता, निम्मे व्हिसा आल्यावर. काय करावं?
— एक पालक, निपाणी

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोंदणी असलेल्या एजंटालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. कोरियाच्या ‘ईपीएस’ कामगार योजनेचं नाव कोणी घेतलं तर लक्षात ठेवा : त्या योजनेत नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश आहेत, भारत नाही. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो, असं म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोच आहे.

‘लष्कराजवळचं पण बिनधोक्याचं काम’ हे आमिष फार वाईट ठरलेलं आहे. मदतनीस म्हणून नेलेली भारतीय मुलं रशियन सैन्यात आघाडीवर पोचली आणि २०२४ च्या मार्चमध्ये सीबीआयने त्या एजंटांवर गुन्हा नोंदवला. पासपोर्ट कोणाच्याही हातात ‘ठेवायला’ देऊ नका. पैसे आधीच दिले असतील तर बँकेचा उतारा आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश जपून ठेवा आणि थेट पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

प्रश्न : पात्र वठवणारा आणि दुभाषी ही एकाच माणसाची दोन कामं असतात का? आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळात आम्ही चांगलं काम करतो, त्याचा उपयोग होईल?
— दोन मित्र, खानापूर

उत्तर : ही कामं वेगळी आहेत आणि एकाच सरावात एकाच माणसाने ती करू नयेत. सकाळी गावकरी म्हणून शिव्या घालणारा माणूस दुपारी त्याच तुकडीचा दुभाषी झाला, तर जवानाला त्याच्या तोंडचं वाक्य कोणाचं, हेच कळत नाही. नाइलाजाने करावंच लागलं तर दंडावर वेगळ्या रंगाची पट्टी बांधतात.

पात्र करणाऱ्याला एक कागद मिळतो. त्याचा नमुना असा : ‘नाव पाक, वय ५८, गावचा प्रमुख. मुलगा दोन दिवसांपासून घरी नाही. काल रात्री पुलाखाली ट्रक थांबलेले पाहिले. ही गोष्ट आपणहून सांगायची नाही. सैनिकाने मुलाची चौकशी केली तरच सांगायची. आवाज चढवला तर गप्प बसायचं. बूट घालून घरात पाऊल टाकलं तर बोलणं तोडायचं.’ सगळा सराव या चार-पाच ओळींवर उभा असतो. अधिकारी माणुसकीने बोलला तर त्याला ट्रकची बातमी मिळते. दमदाटी केली तर मिळत नाही आणि पुढे त्याच पुलावर त्याची तुकडी सापळ्यात सापडते. शिकवण्याची ही फार प्रामाणिक रीत आहे. पात्राने कागद पाळला तरच ती चालते.

नाटकाची सवय इथे निम्मी उपयोगाची आणि निम्मी घातक. न लाजता उभं राहता येतं, हे उपयोगाचं. पण रंगमंचावर प्रेक्षकाला पटवायचं असतं, इथे समोरच्या जवानाला शिकू द्यायचं असतं. नवखे लोक रडारड वाढवतात आणि तपासणी करणारा जवान हसायला लागतो. दुसरी चूक कणवेतून होते. समोरचा तरुण लेफ्टनंट अडखळतोय, त्याला योग्य प्रश्न सुचत नाही, म्हणून पात्र स्वतःच पुलाचं सांगून टाकतं. त्या दिवशी लेफ्टनंटला बरं वाटतं, पण जे शिकायला आला होता ते राहून जातं. तिसरी चूक अशी की पात्राला इंग्रजी किंवा हिंदी कळते, आणि दुभाष्याने उलगडा, म्हणजे तोंडी भाषांतर, करण्याआधीच त्याच्या चेहऱ्यावर उत्तर उमटतं. कळत असलं तरी कोरियन वाक्य पूर्ण कानावर पडेपर्यंत चेहरा कोराच ठेवायचा.

सगळ्यात महाग पडते ती चौथी चूक. कागदावर ‘ट्रक’ आहे, किती ते लिहिलेलं नाही. जवान विचारतो, ‘किती?’ आणि पात्र सहज म्हणून जातं, ‘तीन.’ मग तो आकडा अहवालात जातो, नकाशावर तीन खुणा होतात आणि नियोजनात नसलेल्या गाड्यांच्या शोधात अख्खी रात्र जाते. कागदावर नाही ते पात्राला माहीत नाही. ‘अंधार होता, दिसलं नाही,’ असं पात्राच्याच तोंडून सांगायचं आणि संध्याकाळी नियंत्रकाला कळवायचं की हा प्रश्न आला होता. एका कुटुंबाची पात्रं असतील तर आदल्या दिवशी एकत्र बसून नाती, घर, शेवटचं जेवण, वार या गोष्टी जुळवून घ्या. वेगवेगळं बसवून चौकशी झाली की विसंगती नेमकी तिथेच निघते.

प्रश्न : दुभाष्याने कुठे उभं राहायचं, किती लिहायचं, ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं की नाही? घरी मराठी, बाजारात कन्नड, ऑफिसात हिंदी-इंग्रजी, त्यामुळे मला भाषा बदलायला काहीच त्रास होत नाही.
— खासगी कंपनीतील कर्मचारी, उद्यमबाग

उत्तर : अधिकाऱ्याच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. बोलणारे दोघं एकमेकांकडे बघतात, तुमच्याकडे नाही. अधिकारी तुमच्याकडे वळून ‘त्याला विचार की...’ म्हणू लागला, तर सुरुवातीलाच नम्रपणे सांगा की थेट त्यांच्याशीच बोला. उलगडा प्रथम पुरुषात करायचा. तो म्हणाला ‘माझा मुलगा हरवलाय’, तर तुम्हीही ‘माझा मुलगा हरवलाय’ असंच म्हणायचं. ‘तो म्हणतो की त्याचा मुलगा...’ केलं की दोन-तीन माणसांच्या गोष्टीत कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ याचा गोंधळ होतो. तुम्हाला स्वतःला काही विचारायचं असेल तेव्हा ‘दुभाषी विचारतोय’ असं दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं म्हणा. एका बाजूशी कुजबुज केली की दुसऱ्या बाजूचा विश्वास तिथेच संपतो.

वही लहान, वरून उलटणारी, एका हातात मावेल अशी. पूर्ण वाक्यं लिहू नका. कोण, काय, कुठे एवढं तिरकं उतरत जा आणि एक मुद्दा संपला की आडवी रेघ मारा. नावं, आकडे, तारखा आणि दिशा मात्र नेहमी लिहायच्या, कितीही सोप्या वाटल्या तरी. दोन-तीन वाक्यांनंतर बोलणाऱ्याला हाताने थांबवणं यात उद्धटपणा नाही. लांबलचक भाषणाचा सारांश देणं ही मात्र चूकच, कारण गाळलेल्या वाक्यात काय होतं हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. सराव संपल्यावर वहीची पानं जमा करायची. घरी न्यायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा रोजंदारीवरच्या माणसालाही लागू आहे.

तुमच्या चार भाषांबद्दल. सीमाभागातल्या माणसाला भाषा बदलताना दम लागत नाही, हे मोठं भांडवल. पण आपण भाषा बदलत नाही, मिसळतो, आणि सोयीचा शब्द जिथून मिळेल तिथून उचलतो. दुभाष्याला ती मुभा नाही. दुसरी सवय त्याहून खोल आहे. दोन माणसांत तणातणी झाली की आपल्याकडे मधला माणूस शब्द गुळगुळीत करतो, अपमान गाळतो आणि वेळ निभावून नेतो. गावात हे शहाणपण समजतात. सरावात मात्र त्याने नुकसान होतं. गावकरी चिडून ‘तुमच्यामुळेच पीक गेलं’ म्हणाला आणि तुम्ही ‘पिकाबद्दल त्यांना काळजी आहे’ असं सांगितलं, तर अधिकाऱ्याला राग दिसलाच नाही. राग शांत करणं त्याने शिकायचं आहे, तुम्ही नाही. शिवी असेल तर त्याच वजनाची शिवी द्या. चोख उलगडा म्हणजे हेच. भाषा कितीही चांगली असली आणि हे जमत नसलं, तर या कामाला हात घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आकडे ऐकताना माझी फार गडबड होते. काही युक्ती?
— कोरियन शिकणारा विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : गडबड सगळ्यांचीच होते, कारण कोरियनमध्ये आकड्यांचे दोन संच आहेत. हाना, तुल, सेत हा देशी संच आणि इल, ई, साम हा चिनी वळणाचा. रोजच्या बोलण्यात तास देशी आकड्यांत आणि मिनिटं चिनी वळणात येतात. लष्करात मात्र चोवीस तासांचं घड्याळ, त्यामुळे दोन्ही चिनी वळणात : दुपारचे साडेतीन म्हणजे ‘शिबो-शी सामशिप-पुन’, पंधरा-तीस. वायरलेसवर आणखी वेगळं. इल आणि छिल, सा आणि साम खरखरीत एकसारखे ऐकू येतात, म्हणून दक्षिण कोरियन फौजेत अंक मिसळून म्हणतात : कोंग, हाना, तुल, साम, नेत, ओ, योसत, छिल, फाल, आहोप. शून्य ते नऊ. हा क्रम तोंडपाठ करा. नकाशाचे निर्देशांक याच पद्धतीने येतात.

मोठ्या संख्यांत आपली सोय इंग्रजीवाल्यांपेक्षा बरी आहे. कोरियन मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यावर चालते, त्याला ‘मान’ म्हणतात. दहा मान म्हणजे आपला एक लाख, शंभर मान म्हणजे दहा लाख, हजार मान म्हणजे एक कोटी. त्यापुढे ‘ऑक’ म्हणजे दहा कोटी. मान ऐकलं की मनातल्या मनात मिलियन करायला जाऊ नका, सरळ लाखात या. वहीत मात्र शून्यं मांडूनच लिहा.

अंतर आणि जागेची जुनी मापं खेड्यातलं पात्र हमखास वापरतं. एक ‘री’ म्हणजे साधारण चारशे मीटर, म्हणजे दहा री म्हणजे चार किलोमीटर. पण ‘री’ हा गावाच्या नावाला लागणारा प्रत्ययही आहे, तेव्हा आधी आकडा आहे की नाव, हे ऐका. एक ‘प्योंग’ म्हणजे ३.३ चौरस मीटर. मूळ शब्द आणि रूपांतर दोन्ही सांगा : ‘दहा री, म्हणजे सुमारे चार किलोमीटर’.

दिवसांत दोन खाचा आहेत. ‘साहुल’ म्हणजे तीन दिवस. ‘सा’ म्हणजे चार म्हणून तरुण कोरियनसुद्धा त्याचे चार दिवस करतात. चार दिवस म्हणजे ‘नाहुल’. दुसरी खाच आपल्या बाजूची : मराठीत ‘परवा’ मागचाही आणि पुढचाही. हिंदीत ‘कल’चंही तेच. कोरियनमध्ये दोन्हींसाठी वेगळे शब्द आहेत, म्हणून मराठी-हिंदी बोलणाऱ्याला तारीखच विचारा. तारखेतही कोरियन वर्ष-महिना-दिवस लिहितात, अमेरिकन महिना आधी, आपण दिवस आधी. ०३-०४ असं कुठेही लिहू नका, महिन्याचं नाव घाला. वयाचं म्हणाल तर २८ जून २०२३ पासून दक्षिण कोरियात पूर्ण झालेली वर्षं मोजतात. त्याआधी जन्मताच एक वर्ष धरत, आणि म्हातारी पात्रं अजून तसंच सांगतात. अशा वेळी जन्मवर्ष विचारून घ्या.

हुद्द्यांची किल्ली सोपी आहे : सो, चुंग, ते, म्हणजे लहान, मधला, मोठा. सोवी, चुंगवी, तेवी हे सेकंड लेफ्टनंट, लेफ्टनंट, कॅप्टन. सोर्योंग, चुंगन्योंग, तेर्योंग हे मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल. तुकड्यांतही तेच : सोदे प्लाटून, चुंगदे कंपनी, तेदे बटालियन. उत्तर कोरियात मेजर-कर्नलच्या पातळीवर शेवटी ‘ज्वा’ लागतं आणि पायऱ्या तीन नसून चार आहेत, त्यामुळे एकास एक जुळवू नका, मूळ हुद्दा सांगा. आपल्या नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर या तीन पायऱ्यांना तिकडे जोड नाही. ‘सुभेदार’ हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा एका वाक्यात उलगडा करा.

प्रश्न : मालिकांमुळे मला बोलणं बरंच समजतं. लष्करी पात्राला ते पुरेल का?
— बारावीची विद्यार्थिनी, संकेश्वर

उत्तर : कान तयार झाला ही जमेची बाजू, पण मालिकेतलं बोलणं बहुतेक मित्रामित्रांतलं असतं. त्याला ‘पानमाल’ म्हणतात, आपलं अरे-तुरे. ते अनोळखी अधिकाऱ्यासमोर वापरलं तर पात्र उद्धट ठरतं, आणि उद्धटपणा कागदावर लिहिलेला नसेल तर सराव भरकटतो. दक्षिण कोरियन जवान वरिष्ठाशी ‘-निदा’, ‘-निक्का’ अशा शेवटांनी बोलतो. २०१६ पासून रोजच्या बोलण्यात मऊ ‘-यो’लाही मुभा दिली गेली, पण औपचारिक अहवाल अजून पहिल्याच धाटणीत. गावातली आजी सैनिकाला ‘-यो’ने बोलेल, किंवा नातवासारखा समजून अरे-तुरेही करेल. मराठीत आपण तू, तुम्ही, आपण सांभाळतोच, त्यामुळे ही जाणीव आपल्याला उपजत असते. इंग्रजीत उलगडा करताना मात्र ती हरवते. तेव्हा ‘दुभाषी सांगतोय, यांनी आता एकेरीवर बोलायला सुरुवात केली’ एवढं एक वाक्य अधिकाऱ्याला मोलाचं ठरतं.

उत्तर कोरियन पात्र करायचं तर बोलीही बदलते. बरोबरीच्याला ‘तोंगमू’, वरिष्ठाला ‘तोंगजी’. दक्षिणेत ‘यजा’ म्हणतात ती स्त्री उत्तरेत ‘न्यजा’. दक्षिणेत ‘हेल्गी’ म्हणतात ते हेलिकॉप्टर उत्तरेत ‘चिक्सुंगगी’. ‘इरॉप्सुम्निदा’ हे उत्तरेत ‘काही हरकत नाही’, पण दक्षिणेतल्या कानाला ‘मला गरज नाही, तुमचं तुम्ही बघा’ असं झिडकारल्यासारखं लागतं. जखमी पात्राला पाणी विचारलं आणि त्याने हे उत्तर दिलं, तर दुभाष्याने आधी माणूस कुठला ते ओळखायचं.

आणखी एक : ‘ने’ म्हणजे हो, पण पुष्कळदा नुसतं ‘ऐकतोय’. चौकशीत प्रत्येक ‘ने’ला कबुली समजू नका. ‘तुम्ही तिकडे गेला नाहीत?’ या प्रश्नाला कोरियन ‘ने’ म्हणाला तर अर्थ होतो ‘बरोबर, गेलो नाही’. इंग्रजीत नुसतं ‘येस’ केलं की नेमका उलटा अर्थ लागतो. म्हणून कधीही एका शब्दाचा उलगडा करू नका, पूर्ण वाक्य द्या : ‘मी गेलो नाही’.

प्रश्न : अशा सरावात मुलींना कितपत सुरक्षित असतं?
— एक आई, अनगोळ

उत्तर : नीट चालवलेल्या सरावात नियम आधी वाचून दाखवतात. मुलीची झडती स्त्री जवानच घेते. हात बांधणं, डोळ्यांवर पट्टी, अंगाला हात लावणं हे आधी विचारून ठरतं आणि नाही म्हणता येतं. खरंच दुखलं, चक्कर आली तर खेळ लगेच थांबवण्यासाठी ठरलेला शब्द असतो. तो पहिल्याच दिवशी पाठ करा, आणि कोणी तो सांगितलाच नसेल तर विचारल्याशिवाय मैदानात उतरू नका. ब्लँक काडतुसात गोळी नसली तरी नळीच्या तोंडातून तापलेला वायू आणि दारूचे कण बाहेर पडतात. जवळून डोळा जाऊ शकतो. सुरक्षा अधिकारी सांगेल त्या अंतराच्या आत यायचं नाही, चष्मा आणि कानाचे बोळे काढायचे नाहीत. दमा असेल तर धुराच्या प्रसंगात पात्र घेऊ नका, आणि फिट येण्याचा त्रास असेल तर तो लपवू नका. जमिनीवर पडलेली कुठलीही नळकांडी उचलायची नाही.

प्रश्न : मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. बेळगावात परदेशी फौजा सरावाला आलेल्या पाहिल्या आहेत. कोरियाशी आपल्या लष्कराचा संबंध कधी आला होता का?
— निवृत्त हवालदार, हिंडलगा

उत्तर : आला होता, आणि त्यात आपल्याच भागातलं एक नाव ठळक आहे. बेळगावात मालदीवबरोबरचा ‘एकुवेरिन’ हा सराव २००९ मध्ये झाला. जपानी पायदळ आणि मराठा लाइट इन्फंट्रीचा ‘धर्म गार्डियन’ २७ फेब्रुवारी ते १० मार्च २०२२ या काळात इथेच झाला.

कोरियाचं म्हणाल तर कोरियन युद्धात १९५० च्या नोव्हेंबरात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स ही आपली वैद्यकीय तुकडी तिथे पोचली आणि मार्च १९५१ मध्ये मुनसानीला अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर तिच्या पथकाने उडी घेतली. १९५३ मध्ये युद्ध थांबलं तेव्हा परत जायला तयार नसलेल्या कैद्यांचा प्रश्न उरला. त्यासाठी पाच देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. कैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे होता आणि त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातले. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडून आलेले कैदी होते २२,६०४ : चिनी १४,७०४ आणि कोरियन ७,९००. उत्तर कोरिया-चीनच्या बाजूकडून आलेले ३५९. आपल्या छावणीला नाव होतं ‘हिंद नगर’. मायदेशी परतायचं की नाही, हे प्रत्येक कैद्याला त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकार-नकार घ्यायचा होता. दुभाष्याच्या एका चुकीच्या ‘हो’ने माणसाचं उरलेलं आयुष्य दुसऱ्या देशात जाणार, असं ते काम होतं. नव्या मुलांना उलगड्यातल्या काटेकोरपणाचं महत्त्व सांगताना हे उदाहरण जरूर द्या.

प्रश्न : शिकायला किती वेळ लागतो, कुठे शिकायचं आणि घरी सराव कसा करायचा?
— बरीच पत्रं. बेळगाव शहर, येळ्ळूर, चंदगड

उत्तर : मॉन्टेरीच्या अमेरिकी लष्करी भाषाशाळेत कोरियनचा अभ्यासक्रम ६४ आठवड्यांचा, पूर्णवेळ आहे, आणि तोही दुभाष्याच्या पातळीची फक्त पायरी मानतात. आपल्याला क्रियापद शेवटी, नामाला प्रत्यय, नकार शेवटी हे सगळं ओळखीचं असल्याने वाक्य लवकर जुळतं, पण शब्दसंग्रहाला आडवाट नाही. नोकरीबरोबर शिकत असाल तर वर्षांची तयारी ठेवा. पदवीसाठी दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, वर्गांसाठी दिल्लीचं कोरियन सांस्कृतिक केंद्र, चेन्नईचं इंको सेंटर, आणि घरबसल्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन वर्ग. कोरियन भाषेची टोपिक-२ ही पातळी-परीक्षा ३०० गुणांची. १५० ला चौथी पातळी, १९० ला पाचवी, २३० ला सहावी. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. चौथीला कारखान्यात शिरकाव होतो. दुभाष्याच्या कामाला पाचवीच्या खाली हात घालू नका. टोपिकमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं आहे, बोलण्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते. तीही द्या.

घरी तिघे लागतात. एक कोरियनमध्ये वाचणार, एक मराठीत प्रश्न विचारणार, एक मधला. वाचणाऱ्याच्या हाती वर दिला तसा पात्राचा कागद, त्यात मुद्दाम दोन आकडे, एक तारीख, एक हुद्दा आणि एक टोचणारं वाक्य घाला. दहा मिनिटं बोला आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. मग तिघांनी मिळून ऐका आणि तीनच गोष्टी मोजा : काय गळलं, काय वाढलं, काय मऊ झालं. उच्चार आणि व्याकरण त्या दिवशी बाजूला ठेवा. सुरुवातीला ‘वाढलं’चा रकाना सगळ्यात लांब होतो. तो रिकामा राहू लागला की बोलण्याचा वेग वाढवा, आणि मग बाहेर रस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या आवाजात तोच खेळ करा.